सहावं नाव

१२ जानेवारी, रवि.

सुट्टी, तरी सकाळी साडेसातलाच देशमुख मॅडमचा फोन. अमरावतीला मेट्रन होत्या. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण आमच्या नर्सेस संघटनेच्या अध्यक्ष अजून त्याच. वार्षिक अधिवेशन ८-९ फेब्रु., अमरावतीलाच. अकोला शाखेची सचिव म्हणून मी इथून जास्तीत जास्त सिस्टर न्यायच्या. आणि वर्षभरात गेलेल्या सभासदांची यादी करून श्रद्धांजलीही मीच वाचायची.
"तुझा आवाज बरा आहे. आणि तू माइकवर रडत नाहीस."
यांना सांगितलं तर म्हणाले, घरी रडतेस तेव्हा त्यांना फोन लावून देऊ का?

दुपारी फोन करकरून पाच नावं मिळाली. वाशीमच्या दोघी, यवतमाळची एक, अमरावतीच्या दोघी. सहावं नाव कुणाला विचारायची गरज नव्हती. वैशाली. आमच्याच वॉर्डची, कंत्राटी. सव्विसावं चालू होतं. नोव्हेंबरात ड्युटी करून बाळापूरला घरी चालली होती, व्याळ्याच्या अलीकडे स्कुटी ट्रकखाली.
लिहिलं नाव. मग उठून उगाच कपडे वाळत घातले. मघाशीच घातले होते.

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. वॉर्डात तिळगूळ. पेशंटच्या नातेवाइकांनीही आणून दिला.
अकराच्या सुमारास दारात एक माणूस नुसताच उभा. ओळखलं नाही आधी. वैशालीचे वडील, नामदेवराव. बाळापूरला मन नदीकाठी त्यांचा फुलांचा मळा आहे. तिचा लॉकर रिकामा करायला आले होते. दोन महिने कुणी हात लावला नव्हता त्याला.
स्वेटर. वॉर्डातले बूट. कंगवा. स्टीलचा डबा, धुऊन पालथा ठेवलेला. एकेक वस्तू पिशवीत ठेवताना ते माझ्याकडे बघायचे, घेऊ का म्हणून. तिळगूळ त्यांना द्यायचा की नाही ते कळेना. नाही दिला.
मग माझ्या तोंडून निघून गेलं. कुणी विचारलं नव्हतं. "अमरावतीला आमचं मोठं अधिवेशन आहे. तिथं वैशालीचं नाव घेणार आहोत. मीच वाचणार आहे."
"मोठ्या सभेत?"
"हो."
"माइकवर?"
"हो."
पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग तिच्या मायले घिऊन येतो बाई. तवापासून घराच्या बाहीर नाई निंगाली. जेवत नाई धड. पोरीचं नाव आयकीन त बरं वाटीन तिले."
तारीख दोनदा विचारली. सभागृह कॅम्प भागात आहे म्हटलं, तेही पाठ केलं.
बरं वाटलं मला दिवसभर. ते खरं लिहायला हवं. फार बरं वाटलं.

२० जाने., सोम.

यादी पाठवली होती, तिच्यावर दे. मॅ.चा फोन. इव्हिनिंग ड्युटी, औषधं चालू होती, तरी घेतला.
"ही सहावी कोण? सभासद क्रमांक नाही टाकलास."
"कंत्राटी होती मॅडम. आमच्याकडची."
"म्हणजे सभासद नव्हती."
"नव्हती. पण..."
"वाईट झालं ग, तरुण मुलगी. पण ही यादी सभासदांची असते. आज एक घेतली की उद्या प्रत्येक जिल्हा दहा नावं पाठवेल. मागच्या वर्षी आपण नाही म्हटलंय दोन ठिकाणी. त्यांना काय सांगू?" मग जरा थांबून, "फॉर्म भरला होता का तिनं?"
मी म्हटलं, "पाहावं लागेल."

२१ जाने., मंगळ.

पाहावं लागेल! कपाटात, संघटनेच्या निळ्या फाइलीत, वरून तिसरा. कुठे आहे ते मला पाठ आहे.
काढून पाहिला. दोन फोटो स्टेपल केलेले. 'संघटनेत सामील होण्याचे कारण' या रकान्यात बाकीच्या काहीच लिहीत नाहीत. हिनं लिहिलंय, 'आपण सर्व एकच काम करतो म्हणून.' अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं.

ऑगस्टची गोष्ट. दे. मॅ.नी तोंडी सांगितलं होतं, कंत्राटींचे फॉर्म आमसभेत ठरेपर्यंत घेऊ नका. तोंडीच. कागद नाही. बाकीच्या पोरींना मी 'सध्या बंद आहेत' म्हटलं. वै. मात्र फॉर्म भरूनच समोर उभी राहिली, हसत. नाही म्हणवेना. पुढे पाठवायचा तर मॅडम काय म्हणतील ही धास्ती. म्हणून घेतला आणि ठेवून दिला. मला वाटलं होतं ही युक्ती आहे.
नंतर दर पंधरा दिवसांनी, "ताई, माझं कार्ड आलं का?"
"येईल."
एकदा म्हणाली, "कार्ड आलं की गळ्यातच घालून फिरणार. मंग कोणी म्हणून तर पाहा मले, ए कंत्राटी."
तिला सांगायला हवं होतं, बाई ग, तुझा फॉर्म माझ्याकडे पडून आहे, मी भित्री आहे. भांडली असती. भांडायला चांगली होती ती.

२६ जाने., रवि.

झेंडावंदन. नंतर रुपालीनं गाठलं. रुपाली पण कंत्राटी, वै.ची मैत्रीण, दोघी एकाच वेळी लागलेल्या. तोंडानं फटकळ, हातानं हलकी. लहान लेकरांची शीर तिलाच सापडते.
"ताई, अमरावतीले आमी आलं त चालते का? का बाहीरच उभं ठेवतीन?"
पाहुण्या म्हणून चालेल, म्हटलं. नोंदणी करा, नर्सिंग कौन्सिलचे क्रेडिट पॉइंटही मिळतील.
"पॉइंट ठेवा तुमच्यापाशी. वैशालीचं नाव घेऊन राह्यले ना तुमी, ते आयकाले येतो आमी. तिच्या बाबानं सांगतलं. गावभर सांगून राह्यले ते."
गावभर.

२९ जाने., बुध.

हिंमत करून मीच फोन लावला मॅडमना. आईवडील येणार आहेत, मी शब्द दिलाय, सांगितलं. फॉर्मचं नाही सांगितलं. तोंडापर्यंत आलं होतं.
रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, "मला विचारल्याशिवाय शब्द कशाला दिलास? असं कर, पाच नावं झाली की म्हण, तसेच ज्ञात-अज्ञात सर्व परिचारिका भगिनींना. त्यात सगळ्या आल्या. तीही आली."
मी 'बरं' म्हटलं. 'थँक यू मॅडम' पण म्हटलं!

१ फेब्रु., शनि.

यांना सगळं सांगितलं. हे शाळामास्तर, अजून सगळं फळ्यावर मांडून पाहतात. म्हणाले, "दोनच रस्ते आहेत. नाव वाच, नाहीतर आज फोन करून त्यांना सांग की येऊ नका. तिसरा रस्ता शोधशील तर फसशील."
नामदेवरावांचा नंबर रुपालीकडून घेतलेला आहे.
फोन लागला नाही असं इथं लिहायचं मनात होतं. खरं म्हणजे लावलाच नाही.

७ फेब्रु., शुक्र. अमरावती

दुपारच्या बसनं आलो, आम्ही अकोल्याच्या बावीस जणी. मूर्तिजापूरपर्यंत गाणी, पुढे बडनेऱ्यापर्यंत झोपा. नोकरीला लागले तेव्हाची आठवण झाली. तेव्हाही अशाच जायचो, डबे घेऊन, आणि अधिवेशन म्हणजे आम्हाला माहेर वाटायचं. रागावणाऱ्या मेट्रनसुद्धा त्या दोन दिवसांत हसायच्या.
मुक्काम एका मंगल कार्यालयात. गाद्या बऱ्या आहेत.
उद्याचा कागद टाइप होऊन मिळाला. पाच नावं, मग ती ज्ञात-अज्ञातची ओळ. दोहोंच्या मध्ये मी पेन्सिलनं लिहिलं, 'कै. वैशाली, अकोला.' ठरवलं आहे. वाचायचं. फार तर काय होईल, सचिवपद जाईल.

८ फेब्रु., शनि.

आता संध्याकाळचे सहा. बाकीच्या बाजारात गेल्या आहेत. लिहून टाकते.

उद्घाटन पाऊण तास उशिरा. पाहुणे आले नव्हते. त्यामुळे ते दोघं वेळेवर पोहोचले. पहाटे बाळापूरहून निघाले होते, अकोल्याला गाडी बदलून. रुपालीनं त्यांना मागच्या रांगेत बसवलं. शांताबाई, म्हणजे वै.ची आई, अंगानं एवढीशी. नवं लुगडं. मांडीवर शेवंतीची पिशवी. स्टेजवर ज्या फोटोला हार घालणार, तो आपल्या पोरीचाच असेल असं वाटलं होतं त्यांना. नर्सिंग सुरू करणाऱ्या आमच्या त्या दिवेवाल्या बाईंचा फोटो पाहून विचारलं म्हणे रुपालीला, "ह्या कोन व? ह्या बी गेल्या का?"
दीप लावला. स्वागतगीत झालं. मग माझं नाव पुकारलं.

पाच नावं वाचली. आवाज नीट होता. पाचव्या नावानंतर कागदावर पेन्सिलीचं अक्षर दिसलं. मान वर केली. मागच्या रांगेत शांताबाई खुर्चीच्या पुढच्या काठावर आल्या होत्या, पदर कानामागे घेतलेला, नीट ऐकू यावं म्हणून.
स्टेजवर बाजूलाच दे. मॅ. बसलेल्या. त्यांनी काही केलं नाही. नुसतं घड्याळ पाहिलं. तेवढंच.
आणि मी वाचलं, "तसेच ज्ञात-अज्ञात सर्व परिचारिका भगिनींना."
सगळं सभागृह उभं राहिलं. मौन. माझ्या हातात कागद, त्यावर ते नाव. दोन मिनिटं मी ते वाचत उभी होते. मनात.

जेवायच्या वेळी मी लपत होते. खरंच, ताट घेऊन खांबामागे. शांताबाईंनीच शोधून काढलं. माझे दोन्ही हात धरले.
"लई चांगलं केलं बाई. एवढ्या मोठ्या लोकाईत माया पोरीचं नाव घेतलं. मले ऐनवक्ती आयकू नाई आलं, खुर्च्या वाजल्या ना. पन यायनं सांगतलं, घेतलं म्हने. सगळे उभे राह्यले माया वैशूसाठी."
मी नामदेवरावांकडे पाहिलं. ते बाजूच्या टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे बघत होते. म्हणाले, "हो. घेतलं ना. तुलेच आयकू नाई आलं."
मी काय म्हटलं? "जेवून जा," म्हटलं.
फुलं शेवटी दिवेवाल्या बाईंपुढेच वाहून गेल्या.

९ फेब्रु., रवि.

आमसभा. रुपाली मागे उभी राहिली, हात वर करत बसली नाही.
"आमचे फॉर्म काहून घेत नाई तुमी? नाइट आमी करतो, इंजेक्शनं आमी देतो..."
स्टेजवरून कुणीतरी, "आपण सभासद आहात का?"
"नाई. तेच त इचारून राह्यली."
लोक हसले. दे. मॅ. म्हणाल्या, असभासदांना आमसभेत बोलता येत नाही, नियम आहे. चुकीचं नाही बोलल्या. नियम आहेच.
रुपालीनं माझ्याकडे पाहिलं. मी पण उठले. उठले हे खरं. "याचा विचार व्हावा," एवढं म्हटलं. "नोंद घेतली," मॅडम म्हणाल्या.
याचा विचार व्हावा. बत्तीस वर्षं नोकरी झाली आणि हे वाक्य सुचलं.

परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. रुपाली मागे जाऊन उभी राहिली, मूर्तिजापूरला सीट मिळेपर्यंत.

१२ फेब्रु., बुध.

रुपाली कामापुरतं बोलते. "ताई, सात नंबरची सलाइन बदलली." "ताई, ड्युटी लिस्ट लावली का?" ताई म्हणते, पण मॅडम म्हटल्यासारखं.

वॉर्डची इन्चार्ज मीच, लिस्टही मीच लावते. त्यावरून आठवलं. आज लिहिते. तीन महिने झाले, या गोष्टीला या वहीत जागा दिली नाही.
वै.ला त्या दिवशी मी थांबवलं होतं. तिची नाइट संपली होती. सकाळची एक सिस्टर आली नाही, दुसरी रजेवर, वॉर्ड भरलेला, दोन पेशंट खाली गादीवर. वै. हातपाय धुऊन, वेणी घालून निघालेली. मी म्हटलं, "दोनपर्यंत थांबतेस का ग? तुझ्याशिवाय कोण करेल?" तिनं बॅग परत लॉकरमध्ये टाकली. दुपारी अडीचला निघाली. मी तिला जेवून जा म्हटलं नाही. थोडं पडून जा म्हटलं नाही. तिचे डोळे लाल होते, ते मी पाहिले होते. पाहायचीच नोकरी आहे माझी.
पोलिसांनी लिहिलं, ट्रकचा दोष. असेलही.
संक्रांतीला नामदेवरावांना नाव घेण्याचा शब्द का दिला, ते आता समजतंय. दुसरं सांगायचं होतं. ते सांगवलं नाही, म्हणून हे दिलं.

२० फेब्रु., गुरु.

शेगावचा प्रकट दिन. सकाळपासून बाळापूर रोडनं पालख्या, पायी जाणारी माणसं, चहाफराळाचे मंडप. हे म्हणाले, चल आज, वाटेत बाळापूरला उतरू. गर्दीचं कारण सांगितलं मी.

२३ फेब्रु., रवि.

जाऊन आलो.

शांताबाई घरी होत्या. हे त्यांच्याशी ओट्यावर बोलत बसले. शेती, पाऊस, यांचा जुना विद्यार्थी गावात कोण आहे का. नामदेवराव मळ्यात आहेत कळल्यावर मी एकटीच गेले. शेवंती सरत आली होती, झेंडू तोडणं चालू होतं. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही. मी पण शेजारी बसून तोडायला लागले. दोन-तीन फुलं देठाशिवाय तुटली, ती त्यांनी गुपचूप वेगळी केली.
"नामदेवराव, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. अमरावतीला..."
"नका सांगू बाई. मले कान हायेत."
पुढे खूप वेळ नुसतं तोडणं.
मग म्हणाले, "त्या दिवशी घरी आलो अन् तिनं स्वता चूल पेटवली. दोन भाकरी खाल्ल्या. तीन महिन्यानं. शेजारनीले बोलावून सांगतलं, अशी सभा होती, असे उभे राह्यले लोक. आता तुमी जाऊन तिले खरं सांगसान, त तुमचं मन हलकं होईन. तिचं काय होईन?"
मी पुढचं फूल तोडलं.
"मले राग नाई आला असं नाई. लय आला. बसमंदी म्हटलं, बडनेऱ्याले उतराव अन् वापस जाऊन इचाराव, पाच नावं घेतली त सहाव्यानं का जीभ झडत होती का? पन वैशूची माय खिडकीपाशी बसून हासत होती. बसू देली."

दुसरंही सांगितलं. मीच थांबवलं होतं तिला, दोनपर्यंत. रात्रभर जागी होती तरी.
त्यांचे हात तेव्हा थांबले.
"माईत हाय मले. तिनं सकाऊनच फोन केला होता. म्हने बाबा, दुपारी येतो, ताईनं थांबोलं. ताईले माह्याबिगर जमत नाई." पाटी उचलली त्यांनी. "खुशीत होती."
माफ केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही. "चाला, चा झाला असन," एवढंच.

ओट्यावर चहा. यांच्याशी शांताबाई बरंच बोलल्या. मला विचारलं, "त्या सभेचं पुस्तक निंघते म्हने. त्यात वैशूचं नाव छापतीन का? मले वाचता नाई येत, पन बोट ठिवून पाहीन."
नामदेवराव कपातला चहा फुंकत होते, गरम नव्हता तरी.
मी म्हटलं, "अजून नाही ठरलं. मी भांडून पाहते."

येताना गाडी हे चालवत होते. व्याळ्याजवळ मीच थांबा म्हटलं. मग म्हटलं, नको, चला.

२७ फेब्रु., गुरु.

पत्र लिहिलं. संघटनेला, अध्यक्षांच्या नावानं, स्मरणिका छापायला जायच्या आधी पोहोचेल असं. तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा जमलं तसं ठेवलं.
की वैशालीनं ऑगस्टमध्ये रीतसर फॉर्म भरून माझ्याकडे दिला होता. तो पुढे न पाठवणं ही माझी चूक, तिची नाही. फॉर्मची प्रत सोबत. म्हणून स्मरणिकेच्या श्रद्धांजलीच्या पानावर तिचं नाव यावं, आणि कंत्राटी भगिनींचे फॉर्म घ्यायचे की नाही हे लेखी कळवावं, तोंडी नको. तोपर्यंत मी सचिव म्हणून सही करणार नाही.
यांनी वाचलं. 'जाणीवपूर्वक' शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. म्हणाले, "डबल ड्युटीचं नाही लिहिलंस."
ते संघटनेला लिहायचं नाही. आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रनना लिहायचं. ते अजून नाही लिहिलं.
पत्र पाठवलेलं नाही. आधी रुपालीला दाखवायचं.

२ मार्च, रवि.

संडे ड्युटी. डॉक्टर नसतात, वॉर्ड शांत. दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत रुपालीला पत्र दिलं. उभ्यानंच वाचलं तिनं, कापसाचे गोळे करायचे राहिले. एकदा वाचून परत पहिल्यापासून वाचलं.
"फॉर्म तुमच्यापाशी होता?"
"हो."
"ऑगस्टपासून?"
"हो."
"अन् ती मले म्हने, तुह्या आधी माह्यं कार्ड येते का नाई पाह्य. पैज लावली होती आमी." हसली. मग चेहरा फिरवला.
मी राहिलेले कापसाचे गोळे करायला घेतले.
थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडमले पाठवसान त ते फाइलीत जाईन ताई. तुमच्यासारखंच कोणी ठिवून देईन. हे आमच्या ग्रुपवर टाकू का मी? सगळ्या जिल्ह्यातल्या कंत्राटी पोरी हायेत त्यात. मंग पाहू फॉर्म कसे घेत नाई."
त्या ग्रुपवर ड्युट्या कळवायला मीही आहे, आणि बाळापूरच्याही दोघी आहेत. एक तर नामदेवरावांच्याच गल्लीतली. पत्रात साफ लिहिलंय, 'अधिवेशनात तिचे नाव घेण्यात आले नाही.' ते वाक्य त्या गल्लीत गेलं की शांताबाईंपर्यंत जायला किती वेळ?
रुपालीला हे सांगितलं. नामदेवराव काय म्हणाले ते सगळं सांगितलं.
"म्हणजे पुन्हा गप्पच राहा म्हणता."
"तसं नाही ग."
"मंग कसं?"
तेवढ्यात चार नंबरच्या बाईला ठसका लागला, दोघी धावलो. सक्शन, ऑक्सिजन, अर्धा तास गेला. बाई सावरली. परत आले तेव्हा पत्र टेबलावर होतं, घडी वेगळी घातलेली. तिनं फोटो काढून घेतला की नाही, विचारलं नाही. निघताना ती दारात थांबली, "ताई, जेवून जा. सकाऊनपासून उपाशी हायेत तुमी," एवढं म्हणून गेली.

आता सात वाजलेत. मूळ पत्र उद्याच्या टपालात टाकायचं, ते नक्की. यांना तिकीट आणायला सांगितलं आहे.
फोन मघापासून वाजतोय. एकामागून एक मेसेज, रुपालीच्या त्या ग्रुपचा आवाज आहे तो. उलटा करून ठेवला आहे.